रसायनशास्त्राची पदवी आणि मोडीचे दोन क्रेडिट: माझा अनुभव

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची पदवी सुरू झाली तशी ‘ओई’ ही चीज प्रत्येकाच्या वेळापत्रकात आली. ओई म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा विषय. 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने तो सक्तीचा केला. स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून हा आराखडा लागू झाला. तीन वर्षांच्या पदवीत ओईचे 10 ते 12 क्रेडिट असतात आणि ते पहिल्या दोन वर्षांत संपवायचे असतात. मी रसायनशास्त्राची. माझ्या ओईमध्ये लेखाकर्म (अकाउंटन्सी) होतं आणि मोडी लिपी होती. या दोन वर्षांत मला जे कळलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण मुलं हा विषय ‘सोपा कोणता, मार्क कोण देतं’ एवढं विचारून निवडतात आणि दोन वर्षांची संधी वाया घालवतात.

आधी निवडीचं. ‘बाहेरचा विषय’ याचा अर्थ विद्याशाखा बाहेरची. विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार विद्याशाखा आहेत. म्हणजे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र ओई म्हणून चालत नाही, ते एकाच घरातलं. बारावीला शिकलेलाच विषय पुन्हा घेऊ नये, असं यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, आराखडाही सांगतो. महाविद्यालय विषयांची ‘बास्केट’ जाहीर करतं आणि पसंतीक्रम भरून घेतं. इथे नुसतं शीर्षक वाचून क्रम लावू नका. अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडा आणि प्रत्येक घटकापुढे लिहिलेले तास बघा. दोन क्रेडिटच्या थिअरीला 30 तास मिळतात, प्रात्यक्षिक असेल तर 60. तीस तासांत ‘भारताचा संपूर्ण इतिहास’ शिकवणारा कोर्स घाईत उरकला जाणार, हे गृहीत धरा. एकच कौशल्य धरून बसणारा कोर्स निवडा. पुरेसे विद्यार्थी जमले नाहीत तर वर्ग रद्द होतो आणि तुम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर ढकललं जातं, म्हणून खालच्या पसंतीही मनापासून भरा. विज्ञानवाल्यांनी प्रॅक्टिकलच्या बॅचची वेळ आधी तपासावी. ओईचा तास प्रॅक्टिकलवर आदळला की हजेरी ओईचीच बुडते.

‘दोनच क्रेडिट, त्याने काय होतंय’ हा समज महाग पडतो. सत्र 22 क्रेडिटचं असेल आणि ओईत 9 ऐवजी 6 ग्रेड पॉइंट मिळाले, तर 2 गुणिले 3 म्हणजे 6 पॉइंट गेले. त्याला 22 ने भागा, एसजीपीए (सत्राच्या ग्रेड पॉइंटची सरासरी) 0.27 ने खाली येतो. नापास झालात तर तो बॅकलॉग मुख्य विषयाच्या बॅकलॉगइतकाच पदवी अडवतो.

लेखाकर्माबद्दल थोडक्यात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला घसारा, म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी उपकरणाची किंमत, कळलाच पाहिजे. 5 लाखांच्या उपकरणावर ऱ्हासमान शेष पद्धतीने 15 टक्के घसारा धरला, तर पहिल्या वर्षी 75,000 वजा होतात. दुसऱ्या वर्षी 4,25,000 वर मोजायचं, म्हणजे 63,750, आणि पुस्तकी किंमत उरते 3,61,250. तेरीज (जमा आणि नावे बाकींचं एकत्र पत्रक) जुळली म्हणजे हिशेब बरोबर, असं नसतं हेही तिथेच कळतं. एखादी नोंद सबंध राहून गेली तरी दोन्ही बाजू जुळतातच. प्रयोगात वस्तुमानाचा ताळेबंद (किती पदार्थ घातला, किती निघाला) मांडताना हीच शंका मनात ठेवावी लागते.

मोडीने मात्र मला खरोखर समृद्ध केलं. सुरुवातीची अडचण अशी की मोडीत आधी सबंध ओळभर शिरोरेघ ओढतात आणि अक्षरं तिला लटकवत, शक्यतो बोरू न उचलता लिहीत जातात. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. मुळाक्षरं पाठ करूनही पहिला कागद वाचता येत नाही तो यामुळेच. उपाय असा: रोज अर्धा तास एकाच लेखकाचे कागद वाचा. एका हाताचं वळण डोळ्यांत बसल्याशिवाय दुसऱ्या हाताकडे जाऊ नका. ‘मौजे’, ‘राजश्री’ यांसारख्या नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपं वेगळ्या वहीत उतरवा. कागदाची सुरुवात आणि शेवट ठरावीक साच्याचे असतात, ते आधी ओळखा. मधला मजकूर मग अंदाजाने सुटत जातो. अंदाजाने लावलेला शब्द पेन्सिलने लिहा आणि तेच अक्षर त्याच कागदात दुसरीकडे पडताळल्यावरच पक्का करा.

सगळ्यात जास्त चुका होतात तारखेत. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन, ही तेव्हाची एक कालगणना, अरबी संख्यांत येतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे 1, 60, 100 आणि 1000, एकूण 1161. शुहूर सन मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतो. म्हणून इसवी सन काढताना मृग ते डिसेंबरच्या कागदाला 599 मिळवायचे आणि जानेवारी ते पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला 600. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची. त्या दिवसांतल्या कागदावर 1161 असेल आणि सवयीने 599 मिळवले, तर साल 1760 येतं आणि लढाईनंतरचं पत्र लढाईआधीचं ठरतं. उत्तरात एकाचा फरक, पण सबंध घटनाक्रम उलटा. म्हणून सनाचं उत्तर लिहिण्याआधी शेजारचा महिना वाचायचाच, ही शिस्त लावून घ्या.

आणि इथे माझा मुख्य विषय कामाला आला. काजळ आणि डिंकाच्या शाईतला कार्बन कशाशीच सहजी अभिक्रिया करत नाही, म्हणून ती उजेडाने फिकटत नाही. पण डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून ओल लागली की फरफटते. फेरस सल्फेट आणि टॅनिनची शाई याच्या उलट. ती कागदात घट्ट मुरते, पण तिच्यातलं आम्ल सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं आणि लोहाचे आयन ऑक्सिडीकरणाला चालना देतात. शेवटी अक्षराच्या जागी भोक उरतं. इतिहासाच्या वर्गात हे कोणी विचारलं तर सांगू शकणारा विद्यार्थी रसायनशास्त्राचाच असतो. मोडी वाचणाऱ्यांची गरजही आजची आहे. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत हवी झाली.

कॉलेजात हवा तो विषय नसेल तर स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ आहे. एका सत्राच्या 40 टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेण्याची मुभा यूजीसीच्या 2021 च्या नियमांत आहे. तिथला एनपीटीईएलचा (आयआयटी आणि आयआयएस्सीच्या उपक्रमाचा) 8 आठवड्यांचा कोर्स 2 क्रेडिटचा, 12 आठवड्यांचा 3 चा. गुण 25 असाइनमेंटचे, 75 केंद्रावरच्या परीक्षेचे. उत्तीर्ण व्हायला अनुक्रमे 10 आणि 30 दोन्ही लागतात. नावनोंदणी मोफत, परीक्षेचं शुल्क वेगळं, आणि त्याची मुदत चुकली की सत्र गेलं. नोंदणीआधी विभागप्रमुखांची लेखी मंजुरी घ्या. मंजुरी नसेल तर प्रमाणपत्र हातात असूनही क्रेडिट गुणपत्रिकेवर चढत नाहीत.

एबीसी आयडी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) डिजिलॉकरमधून पहिल्याच सत्रात काढा. आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असेल तर क्रेडिट जमा होताना अडतं. ही दुरुस्ती निकालाआधी करून घ्या. निकाल लागला की ओईचा कोर्स कोड आणि क्रेडिट गुणपत्रिकेवर ताडून बघा, आणि त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ स्वतःजवळ जपून ठेवा. पुढे दुसऱ्या विद्यापीठात किंवा परदेशात अर्ज करताना कोर्सचा तपशील मागतात, तेव्हा संकेतस्थळावर नवा अभ्यासक्रम आलेला असतो.