शिडांवर विसंबलेले गाव

आजचा सगळा दिवस गालाक्सिदीच्या सागरी संग्रहालयात गेला. कोरिंथच्या आखातात, डेल्फीपासून जवळच, दोन बंदरांच्या मधोमध वसलेले हे छोटेसे ग्रीक गाव एकोणिसाव्या शतकात देशातील अग्रगण्य जहाजमालकांचे गाव होते, हे त्याच्या आजच्या निवांत धक्क्यावरून कोणाला खरे वाटणार नाही. संग्रहालयात मात्र भिंती भरून जहाजांची चित्रे आहेत. त्यांत शिडे फुगलेली, दोरखंड न् दोरखंड अचूक रेखाटलेला. नुसती शोभा म्हणून कोणी दोरांची इतकी काळजी घेत नाही. चित्र पाहणाऱ्या घरातल्या माणसांना प्रत्येक दोराचे काम ठाऊक असणार.

ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात या गावाने फार सोसले. १८२१ च्या सप्टेंबरात उस्मानी आरमाराने गाव जाळले आणि जहाजे ओढून नेली. तरीही लोक परतले, त्यांनी गावातच पुन्हा जहाजे बांधली आणि काळ्या समुद्रापासून भूमध्य समुद्राच्या पश्चिम टोकापर्यंत मालवाहतूक केली. कप्तानांची दगडी, उंच छतांची घरे त्याच कमाईतून उभी राहिली.

मला दिवसभर अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. १८२७ च्या सप्टेंबरअखेर याच उपसागरात, समोरच्या इतेआजवळ, फ्रँक ॲबनी हेस्टिंग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने ‘कार्तेरिया’ या ग्रीक युद्धनौकेच्या तोफांनी उस्मानी जहाजांचा तांडा उद्ध्वस्त केला. ‘कार्तेरिया’ वाफेवर चालणारी होती, आणि लढाईत उतरलेल्या जगातील अगदी पहिल्या बाष्पनौकांपैकी ती एक होती. म्हणजे वाफेची ताकद गालाक्सिदीच्या दारात दिसली होती. तरी गावाने पुढची कित्येक दशके शिडांनाच धरून ठेवले, आणि शतक सरता सरता आगबोटींनी त्याचा व्यापार हिरावून घेतला.

याला हट्ट किंवा अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. लाकडी जहाज गावच्या सुतारांच्या हातांनी तयार होत असे, त्यात अनेकांची भागीदारी असे आणि वारा फुकट मिळत असे. आगबोटीला मात्र लोखंड, कोळसा, परक्या कारखान्यातील यंत्र आणि एकरकमी मोठे भांडवल लागे. शिडे सोडायची म्हणजे सुतार, शिडे शिवणारे, दोर वळणारे आणि छोटे भागीदार अशा सगळ्यांनाच सोडायचे होते. मला तरी त्यांचा निर्णय समजू शकतो.

खलाशांच्या त्या काळाची मोठी खूण म्हणजे इथला पिठाचा सण. ईस्टरपूर्व उपवासांच्या आरंभी, ‘स्वच्छ सोमवारी’, चेहरे काजळीने माखलेले लोक एकमेकांवर रंगीत पिठाचा मारा करतात, तेव्हा गल्ल्यांना रंगपंचमीचे रूप येते. त्याआधी घरांच्या भिंतींना प्लास्टिकची आवरणे घालावी लागतात.

उद्या सकाळी गावामागच्या डोंगरावरील ख्रिस्त-तारक मठाकडे चढून जाणार आहे. एफ्थिमिओस नावाच्या साधूने १७०३ मध्ये लिहिलेली गावाची बखर कोन्स्तान्तिनोस साथास या इतिहाससंशोधकाला १८६४ मध्ये तिथेच सापडली. स्वाऱ्या, चाचे, भूकंप, लोकांचे पळून जाणे आणि परत येणे हे सारे त्या साधूने नोंदवून ठेवले. शिडांच्या अखेरच्या वर्षांत कप्तानांच्या घरांतून काय बोलणी झाली असतील, तीही अशीच कोणीतरी लिहून ठेवायला हवी होती, असे मला फार वाटते.