वहीतली उधारी आणि वसुलीवाला

दारव्हा तालुक्यातल्या एका लहानशा गावात माझे कृषी केंद्र आहे. जूनमध्ये बियाणे आणि खत द्यायचे, श्रावणात फवारणीची औषधे द्यायची आणि पैसे मात्र दिवाळीनंतर, कापसाचा चुकारा कास्तकाराच्या हाती आला की घ्यायचे, ही रीत वडिलांच्या काळापासून चालत आली आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या वहीत ३८ नावांवर ४ लाख ६० हजार रुपये थकले होते आणि यवतमाळचा ठोक विक्रेता जुनी बाकी भरल्याशिवाय पुढचा माल देत नव्हता, तेव्हा मी ती यादी एका वसुली एजन्सीला दिली.

करार ऐकायला सोपा होता. वसूल झालेल्या रकमेचे २० टक्के त्यांचे, दोन वर्षांपेक्षा जुन्या बाकीवर ३० टक्के, आणि काहीच वसूल झाले नाही तर मला एक रुपयाही द्यायचा नाही. त्यांच्या माणसाने माझी लाल वही उलटून पाहिली. ‘कपाशी ४ पाकिटे, डीएपी २ बॅग, बाकी ६,१५०’ अशा नोंदी पानोपानी होत्या. सही एकाही नोंदीखाली नव्हती. तो म्हणाला, “कागद नसला तरी चालेल, आम्ही बोलून घेतो.” हे बोलणे कसले असणार, हे मी त्याच वेळी विचारायला हवे होते.

कायद्याची बाजू मला नंतर तालुक्याच्या वकिलांकडून कळली. उधारीवर दिलेल्या मालाच्या पैशांसाठी ३ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. पैसे देण्याची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून, नसेल तर माल दिल्यापासून ही वर्षे मोजतात. त्या अवधीत देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याचे लिहून सही केली तर ३ वर्षे पुन्हा नव्याने सुरू होतात. एजन्सी ही मुदत वाढवू शकत नाही, कुणाच्या घरातली वस्तूही उचलू शकत नाही. जप्ती न्यायालयाच्या हुकुमानेच होते आणि तेव्हाही कास्तकाराची अवजारे, कामाचे बैल, बियाणे आणि राहते घर यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चे संरक्षण आहे. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक बँका आणि वित्त कंपन्यांच्या वसुलीवाल्यांसाठी आहे; माझ्यासारख्या दुकानदाराने नेमलेल्या माणसाला तो लागू होत नाही. धमकी देणे मात्र कुणीही केले तरी गुन्हाच आहे, आणि माणूस आपण नेमलेला असल्यामुळे ते प्रकरण आपल्या दारातही येऊ शकते.

आणि ते आलेच. पोळ्याच्या दिवशी, एका अंगणात बैलांच्या शिंगांना बेगड लावणे चालू असताना, एजन्सीची दोन मुले मोटरसायकलवरून उतरली आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की बैल सजवायला पैसे आहेत, कृषी केंद्राचे द्यायला नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या घरातली म्हातारी दुकानात आली. गल्ल्यासमोरच्या युरियाच्या थप्पीवर हात ठेवून ती एवढेच म्हणाली, “बापू, तू सोता आला असता तं मी चहा केला असता. हे पोट्टे कायले धाडले?” माझ्याजवळ उत्तर नव्हते.

चार महिन्यांत ३८ पैकी ९ जणांकडून ६१ हजार आले. हे नऊही जण कापूस विकल्यावर दरवर्षी स्वतः येऊन देणारे होते, म्हणजे जे पैसे घरी चालत येणार होते त्यांवर मी टक्केवारी मोजली. शिवाय सात-आठ घरांनी माझ्याकडून बियाणे घेणे बंद केले.

तरी एजन्सीला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. शहरातल्या एका किरकोळ विक्रेत्याकडे माझे ७४ हजार अडकले होते. त्याच्या सहीची बिले माझ्याजवळ होती, आणि त्याच एजन्सीने ते पैसे तीन आठवड्यांत, कुठलाही आरडाओरडा न करता आणून दिले. व्यापाऱ्याला बाजारात पत सांभाळायची असते, आणि त्याच्याजवळ पैसे असूनही तो ते फिरवत असतो. सोयाबीन पावसात भिजले म्हणून थांबलेल्या कास्तकाराला कितीही टोचले तरी त्याच्या घरात नसलेला पैसा बाहेर येत नाही.

मी लेखी पत्र देऊन गावातली यादी परत घेतली. तुरीचे पैसे येऊ लागल्यावर फेब्रुवारीत स्वतः घरोघरी गेलो, आणि जिथे हिशेबाचाच वाद होता अशी तीन प्रकरणे दाव्याआधीच तालुक्याच्या लोकअदालतीत नेली. तिथे ठरलेली तडजोड न्यायालयाच्या हुकुमासारखीच अमलात येते आणि तिच्यावर अपील नसते. आता दुकानात दोन प्रतींचे बिलबुक आहे. माल गाडीवर चढण्याआधी मी सही घेतो. सुरुवातीला लोक हसले, “आमचे पैसे का कोठी पयून चालले?” असेही म्हणाले.

त्या म्हातारीचा मुलगा मार्चमध्ये आला. त्याने २,००० रुपये मोजून दिले, उरलेल्या ४,१५० रुपयांच्या नोंदीखाली सही केली आणि जाताना वही माझ्याकडे वळवून म्हणाला, “तारीख बी टाक.”