टॉलस्टॉय वाचायचा तर सुरुवात कुठून?

'टॉलस्टॉय वाचायचाय, कुठून सुरू करू?' असं मला कितीतरी जण विचारतात. बहुतेकांनी 'वॉर अँड पीस' उघडून पहिल्याच पार्टीतल्या नावांच्या गर्दीत मिटून ठेवलेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते : 'द डेथ ऑफ इव्हान इलिच' घ्या. १८८६ सालची छोटी कादंबरी, दोन बैठकींत संपते.

सुरुवातीलाच नायक, न्यायाधीश इव्हान, गेलेला असतो. कोर्टातले सहकारी पेपरात बातमी वाचतात आणि आधी मनात येतं ते हे, की आता त्याच्या जागी कोण? मग कथा मागे जाते. नव्या घराचे पडदे कसे लावायचे ते कारागिराला दाखवताना इव्हानचा पाय शिडीवरून सरकतो, खिडकीच्या मुठीवर कूस आपटते. पुढे दुखणं वाढतं. डॉक्टरसमोर बसल्यावर त्याच्या लक्षात येतं, आपण आरोपींशी जसे वागत आलो तसाच हा आपल्याशी वागतोय. आपण वाचणार का, एवढंच त्याला हवंय. डॉक्टर मूत्रपिंड की आतडं याचा खल करत बसतो.

घरातले सगळे 'बरं वाटेल' म्हणत राहतात. खोटं बोलत नाही तो एकटा गेरासिम, खेड्यातून आलेला तरुण नोकर. तो शौचाचं भांडं उचलतो, मालकाचे पाय खांद्यावर घेऊन रात्र काढतो, कारण तसं केलं की इव्हानला बरं वाटतं. सगळ्यांनाच मरायचंय, मग एवढं करायला काय झालं, असं तो सरळ म्हणतो. टॉलस्टॉयमध्ये मला याहून मोठा प्रसंग सापडलेला नाही, आणि हे मी 'वॉर अँड पीस'मधली बोरोदिनोची लढाई धरून म्हणते.

ज्याने हे लिहिलं त्याची आई तो दोन वर्षांचा व्हायच्या आत गेली, वडील तो आठ वर्षांचा असताना. १८६० मध्ये भाऊ निकोलाय क्षयाने गेला. १८६९ मध्ये अर्झामास या रशियन गावातल्या मुक्कामात मरणाच्या भीतीने त्याला रात्रभर घेरलं. पुढे तो उपदेशक झाला अशी तक्रार असते. 'रिझरेक्शन' या त्याच्या नंतरच्या कादंबरीबाबत ती मला पटते, इथे अजिबात नाही.

यानंतर 'अ‍ॅना कॅरेनिना', मग 'वॉर अँड पीस'. 'हाजी मुराद' ही छोटी कादंबरी मात्र शेवटी ठेवा. तरुणपणी कॉकेशसच्या फौजेत पाहिलेलं तो म्हातारपणी पुन्हा लिहायला बसला, १९०४ पर्यंत त्यावर हात फिरवत राहिला. हयातीत त्याने ती छापली नाही; ती आली १९१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.