आईचे दोन 'पहिले' डोस

२०२१ च्या मार्चची पहिली तारीख. साठीच्या पुढच्या सगळ्यांना कोविडची लस खुली झाली. पंचेचाळीस ते एकोणसाठमधल्यांना आजाराबद्दल डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागत होतं, आमच्या आईबाबांना फक्त फोटो असलेलं ओळखपत्र. त्याच आठवड्यात मी माझ्या मोबाईलवरून कोविनवर, म्हणजे लसीच्या नोंदणीच्या सरकारी साइटवर, बाबांचं नाव घातलं. एका नंबरावर चार जण चालायचे, म्हणून आईचंही घालायला निघाले तर ती म्हणाली, "आधी ह्यांना काय होतंय ते बघू."

बाबांना काही झालं नाही. अर्धा तास बाकावर बसवलं, रात्री थोडी कणकण आली, एवढंच. दुसऱ्या डोससाठी मात्र मे उजाडला. लस संपल्याचा फलक बघून ते दोनदा परत आले होते. त्यांच्या लसीचं, कोविशिल्डचं, दोन डोसमधलं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मार्चअखेरीस सहा ते आठ झालं आणि १३ मेला बारा ते सोळा. बाबा ५ मेला सुटले. आणखी उशीर झाला असता तर बारा आठवडे भरेपर्यंत थांबावं लागलं असतं.

आईने ७ एप्रिलला घेतली. शाळेत शिबिर होतं, आशाताई घरी येऊन तिला घेऊनच गेल्या. मी शहरात. आईने आधार कार्ड दाखवलं आणि मोबाईल नंबर सांगितला बाबांचा, त्या बटणांच्या फोनचा. मेसेज आला असणार. तो फोन मेसेज वाचायसाठी असतो हे आमच्या घरात कुणालाच मान्य नाही.

मे महिन्यात माझी स्वतःची धडपड चालू होती: ओटीपी, पिनकोड, रिकाम्या जागेचा हिरवा चौकोन दिसला की दाबेपर्यंत लाल. मग लस पुरेना म्हणून राज्याने अठरा ते चव्वेचाळीस गटाचं लसीकरणच थांबवलं. त्यावर जास्त काही लिहीत नाही, त्या वयाच्या प्रत्येकाकडे हीच गोष्ट आहे.

३० जूनला आईचे बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस भरले. या वेळी मी सोबत होते. तोवर नोंदणीशिवाय थेट केंद्रावर गेलेलं चालत होतं. सकाळी सातला टोकन, साडेअकराला नंबर. आधार कार्ड घरी राहिलं होतं, पर्समध्ये मतदार ओळखपत्र होतं, ते दिलं. सिस्टरने मोबाईल नंबर विचारला आणि मी सवयीने माझा सांगून टाकला. चूक इथे झाली आणि ती माझी होती. नवा नंबर, नवं ओळखपत्र. संगणकाच्या लेखी ही बाई पहिल्यांदाच आलेली. "दुसरा ना?" असं सिस्टरनी तोंडी विचारलं होतं, आम्ही हो म्हटलं, सुई टोचली गेली. रिक्षात बसल्यावर मेसेज वाचला: पहिला डोस यशस्वी, पुढचा ८४ दिवसांनी.

परत गेलो. "नोंद गेली ताई, आता इथून बदलता येत नाही," इतकंच उत्तर मिळालं. १०७५ या कोविड हेल्पलाइनवर दोन दिवस फोन लावला. दरम्यान एका शेजाऱ्यांनी सुचवलं की सर्टिफिकेटसाठी तिसरा घेऊन टाका. आईने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यानंतर तो विषय निघाला नाही.

उपाय कोविनवरच निघाला, पण काही आठवड्यांनी. बाबांच्या नंबराने लॉगिन करायचं, म्हणजे ओटीपी त्या बटणांच्या फोनवर. तो बाबांनी मला फोनवर एकेक आकडा करून वाचून दाखवला, दोनदा मुदत संपल्यावर तिसऱ्यांदा जमलं. एप्रिलचं सर्टिफिकेट मिळालं, त्यावरचा रेफरन्स आयडी लिहून घेतला, जूनच्या सर्टिफिकेटवरचाही घेतला. मग तक्रारीच्या विभागात नावातली चूक वगैरे दुरुस्त करायच्या पर्यायांच्या खाली, दोन पहिल्या डोसची सर्टिफिकेटं एकत्र करण्याचा पर्याय होता. दोन्ही सर्टिफिकेटांवर नाव, जन्मवर्ष सारखंच आहे ना ते आधी ताडून घेतलं. आईचं जन्मवर्ष दोन्ही कार्डांवर एकच निघालं, हे आमचं नशीब. बाबांचं तीन कागदांवर तीन आहे.

विनंती पाठवली आणि रोज उघडून बघत राहिले. एका सकाळी दोन्ही तारखा एकाच पानावर दिसल्या, ७ एप्रिल आणि ३० जून. छापून, लॅमिनेट करून गावी पाठवलं. आईने ते कपाटात ठेवलं आणि मागच्या बाजूला पेनाने बाबांचा मोबाईल नंबर लिहून ठेवला.