तळ्याकाठचा तंबू, नदीपात्रातला तंबू : आमची वाटचाल

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन ही मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेली आहे. यहारा नदी या तळ्यांतून वाहत पुढे वाउबेसा आणि केगोन्सा या तळ्यांना मिळते, वायव्येला थोड्याच अंतरावर विस्कॉन्सिन नदीचे रुंद पात्र लागते, आणि गाडीने तासाभर गेले की डेव्हिल्स लेक येते. इतके पाणी हाताशी असूनही नोकरी-शिक्षणानिमित्त येथे आलेली आपली कितीतरी मराठी कुटुंबे उन्हाळ्यातल्या सुट्ट्या घरामागच्या अंगणातच काढत असत. त्यांना हौस नव्हती असे नाही. पण तंबू, झोपायच्या पिशव्या, गाद्या, शेगडी आणि कंदील हे सारे वर्षातल्या दोन-चार रात्रींसाठी विकत घेणे परवडत नाही, आणि घेतले तरी भाड्याच्या घरात ते ठेवायला जागा नसते. ही अडचण दूर करावी, एवढ्याच विचाराने मी आणि माझ्या पतींनी करोनाच्या साथीच्या काही वर्षे आधी तंबू व मुक्कामाचे साहित्य भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला.

भांडवलाविषयी सांगण्यासारखे फार नाही. आमची बचत, बँकेचे छोटेसे कर्ज आणि शहराच्या दक्षिणेला भाड्याने घेतलेला एक गाळा, एवढ्यावर आरंभ झाला. राज्य उद्यानांच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय कोणताही धंदा करता येत नसल्यामुळे साहित्य आमच्या गाळ्यातूनच द्यायचे आणि तेथेच परत घ्यायचे, अशी पद्धत आम्ही प्रथमपासून ठेवली, आणि तिचा एक मोठा लाभ झाला. गाळ्यासमोरच्या गवतावर प्रत्येक नव्या कुटुंबाने आमच्या देखत तंबू स्वतः उभारायचा आणि स्वतःच उतरवून पिशवीत भरायचा, हा नियम आम्हाला घालता आला. काहींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु शुक्रवारी कार्यालयातून सुटून, मुलांना घेऊन, अंधार पडताना मुक्कामी पोहोचणाऱ्या माणसाने आयुष्यातला पहिला तंबू विजेरीच्या उजेडात उभारू नये असे आमचे ठाम मत आहे, आणि या नियमात आम्ही आजवर कोणालाही सूट दिलेली नाही.

साहित्य पुरवणे हा आमच्या कामाचा लहान भाग आहे, हे पहिल्याच हंगामात लक्षात आले. लोक विचारतात, “ताई, तळ्याकाठची एखादी चांगली जागा सांगा,” आणि त्या प्रश्नाचे उत्तर कुटुंबागणिक बदलते. जमीन कोणती, वारा कोणत्या बाजूने येतो, पाणी कसे आहे, सोबत आजी-आजोबा आहेत की तान्हे मूल आहे, हे पाहिल्यावाचून दिलेला तंबू कितीही भारी असला तरी रात्र सुखाची जाईल याची शाश्वती नसते. म्हणून आम्ही आसपासच्या मुक्कामाच्या जागा स्वतः राहून पाहिल्या, आणि प्रत्येक जागेसाठी साहित्याची वेगळी जुळणी ठरवली.

सर्वाधिक मागणी अर्थातच डेव्हिल्स लेकची. १९११ साली स्थापन झालेले हे उद्यान राज्यात सर्वाधिक गर्दीचे मानले जाते, आणि तेथे एकदा गेलेल्या माणसाला त्याचे कारण विचारावे लागत नाही. सुमारे ३६० एकरांचे तळे, त्याच्या दोन्ही बाजूंना ५०० फूट उंचीचे जांभळट गुलाबी कडे, आणि त्या कड्यांचा क्वार्ट्झाइट दगड दीड अब्ज वर्षांहून जुना. शेवटच्या हिमयुगात हिमनदीने वाहून आणलेल्या दगडमातीच्या बांधांनी दरीची दोन्ही तोंडे बुजवली आणि मधल्या खोलगट भागात हे तळे साठून राहिले. येथल्या मूलनिवासी हो-चंक लोकांसाठी हे पवित्र तळे आहे, ही गोष्ट आम्ही प्रत्येक कुटुंबाला आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे तीर्थाच्या पाण्याशी जसे वागावे असे शिकवले जाते, तसेच येथेही वागावे अशी आमची इच्छा असते.

हिमनदीची हीच दगडमाती तंबू उभारणाऱ्याची परीक्षा घेते. मुक्कामाच्या अनेक जागांवर वरच्या मातीखाली खडे आणि गोटे लागतात, आणि तंबूबरोबर मिळणाऱ्या अॅल्युमिनियमच्या बारीक मेखा पहिल्या दोन घावांतच वाकतात. त्यामुळे डेव्हिल्स लेकच्या संचात आम्ही पोलादी जाड मेखा आणि वजनदार हातोडी देतो. आणखी एक सूचना देतो: तळ्याच्या पूर्व काठाने लोहमार्ग जातो आणि मालगाड्या रात्रीही धावतात. ज्यांची झोप सावध आहे अशांनी हे आधी जाणून घेतलेले बरे. लहान मुले मात्र गाडीच्या आवाजाने हरखून जातात, असा आमचा अनुभव आहे.

गर्दी नको असणाऱ्यांना आम्ही पश्चिमेला डॉजव्हिलजवळच्या गव्हर्नर डॉज उद्यानात पाठवतो. त्या भागाला हिमनद्यांनी स्पर्श केलेला नाही, त्यामुळे तेथे अरुंद दऱ्या, वालुकाश्माचे कडे आणि ओढे टिकून आहेत. कॉक्स हॉलो आणि ट्विन व्हॅली ही तेथली दोन्ही तळी ओढ्यांवर बांध घालून तयार केलेली आहेत. माती मऊ असल्याने मेखा सहज बसतात, पण मोठ्या पावसात तितक्याच सहज सुटतात, म्हणून तेथे लांब मेखा आणि जास्तीचे तणावे, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्या, द्यावे लागतात. या दऱ्यांत मोबाइलला नीट सिग्नल मिळत नाही. मध्य-पश्चिमेतले उन्हाळी वादळ पाहता पाहता चढून येते, म्हणून हाताने फिरवून चालणारा हवामान रेडिओ आमच्या प्रत्येक संचात असतोच. विजा चमकू लागल्यावर तंबूत थांबायचे नाही, मुलांना घेऊन गाडीत किंवा उद्यानाच्या पक्क्या इमारतीत जाऊन बसायचे, हे आम्ही छापील कागदावर देतो आणि तोंडीही सांगतो.

ज्यांना घरापासून फार दूर जायचे नसते, त्यांच्यासाठी केगोन्सा तळ्याचे राज्य उद्यान आणि मॅडिसन ज्या जिल्ह्यात येते त्या डेन काउंटीची मेंडोटा, बॅबकॉक व लेक फार्म ही उद्याने सोयीची आहेत. आजारी मुलाला घेऊन मध्यरात्री घरी परतता येते, हा विश्वास पहिल्यांदा तंबूत झोपणाऱ्या आईवडिलांना मोठा आधार देतो. मात्र या तळ्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भोवतालच्या शेतांतून आणि शहरातून वाहून येणाऱ्या फॉस्फरसमुळे उन्हाळ्यात पाण्यावर निळे-हिरवे शेवाळ माजते, त्याचे काही प्रकार विषारी असतात, आणि अशा वेळी पोहण्याचे किनारे बंद ठेवले जातात. पाण्यावर हिरवा रंग ओतल्यासारखा थर दिसला तर मुलांना आणि कुत्र्यांना पाण्यात उतरू देऊ नये. हे सांगितल्यामुळे काही गिऱ्हाइके बेत रद्द करतात, आणि ते आम्हाला मान्य आहे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये डेन काउंटीच्या पश्चिम भागात एका दिवसात दहा इंचांहून अधिक पाऊस झाला आणि त्यानंतर कित्येक आठवडे मॅडिसनच्या तळ्यांची पातळी चढलेली राहिली. त्या हंगामातली उरलेली बरीचशी आरक्षणे आम्ही पैसे परत देऊन सोडून दिली. तेव्हापासून सखल काठावरच्या जागेपेक्षा चार पावले उंचावरची जागा घ्या, पाणी पाहायला चालत जाता येते, असा आमचा आग्रह असतो.

संचात जळाऊ लाकूड नसते, याबद्दल नेहमी विचारणा होते. एमराल्ड अॅश बोरर हा कीडा विस्कॉन्सिनमध्ये २००८ साली आढळला आणि अॅश जातीच्या झाडांचा त्याने मोठा संहार केला. तो दूरवर पसरतो तो मुख्यतः माणसांनी गाडीतून नेलेल्या सरपणातून. म्हणून राज्याच्या उद्यानांत दहा मैलांच्या आतून आणलेले किंवा प्रमाणित लाकूडच चालते. ते मुक्कामाजवळच विकत घ्यावे. स्वयंपाकासाठी आम्ही दोन चुलींची गॅसची शेगडी, तिला वारा लागू नये म्हणून पत्र्याचा आडोसा, लोखंडी तवा आणि छोटा कुकर देतो. शाकाहारी कुटुंबांसाठीची भांडी अगदी आरंभापासून वेगळी ठेवलेली आहेत, आणि त्यांच्यावर हिरवी खूण असते. पिठले-भात, थालीपीठ आणि सकाळचे पोहे एवढे तेथे उत्तम होते. त्याहून मोठा बेत करू नये. उरलेले अन्न रात्री गाडीत बंद करून ठेवावे, कारण रकून नावाचा प्राणी कूलरची झाकणे सराईतपणे उघडतो. गवतातून फिरून आल्यावर मुलांचे कान, मान, काखा आणि गुडघ्यांच्या मागची बाजू तपासून गोचीड काढावी लागते, कारण येथल्या हरणांवरच्या गोचिडीतून लाइम रोग होतो. बारीक टोकाचा चिमटा प्रत्येक संचात असतो, आणि तो कसा धरायचा हे आम्ही दाखवतो.

२०२० च्या वसंतात उद्यानांतले मुक्काम बंद राहिले आणि आमचा गाळा सामानाने भरलेला, पण शांत होता. जूनमध्ये मुक्काम पुन्हा सुरू झाले तेव्हा मात्र चार भिंतींत कोंडलेल्या लोकांनी इतकी मागणी केली की आम्हाला साहित्य वाढवावे लागले. त्या उन्हाळ्यात अनेक जण प्रथमच आले आणि पुढेही येत राहिले. आमच्या व्यवसायाचा खरा विस्तार तेथून झाला, आणि नदीचे काम हाती घ्यायचे धैर्यही त्याच काळात आले.

विस्कॉन्सिन नदीविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. प्रेरी द्यू सॅकच्या धरणाखालून मिसिसिपीच्या संगमापर्यंत ९२ मैल ही नदी एकाही धरणावाचून वाहते, आणि १९८९ पासून तिच्या काठचा हा पट्टा राज्याच्या संरक्षणाखाली आहे. १६७३ साली मार्केत आणि जोलिएट हे फ्रेंच प्रवासी याच पाण्यावरून होड्या वल्हवत १७ जूनला मिसिसिपीत पोहोचले. नदी उथळ, रुंद आणि वाळूने भरलेली आहे. पाणी ओसरले की पात्रात वाळूचे लांबलचक पट्टे उघडे पडतात, आणि राज्याच्या मालकीच्या अशा पट्ट्यांवर व बेटांवर होडीने आलेल्या माणसाला तीन दिवसांपर्यंत विनामूल्य मुक्काम करता येतो. आरक्षण नाही, क्रमांकाची जागा नाही, शेजारी कोणाचा रेडिओ नाही. कृष्णेकाठी वाढलेल्या माझ्यासारखीला येथे जो आनंद होतो, तो कोणत्याही तळ्याकाठी होत नाही हे मी मोकळेपणाने सांगते.

परंतु ज्याने तळ्याकाठी चार मुक्काम केले आहेत त्याला नदी आपोआप कळते असे नाही. तळे दुसऱ्या दिवशीही जागच्या जागी असते. वाळूचा पट्टा मागच्या उन्हाळ्यात होता तेथे या उन्हाळ्यात सापडेलच असे नाही, आणि वरच्या भागात पाऊस पडला किंवा धरणातून पाणी सोडले की तो रात्रीतून आक्रसतो. तंबू पट्ट्याच्या सर्वात उंच भागावर लावायचा, पाण्याच्या कडेला काठी रोवून पातळीवर नजर ठेवायची, होडी वाळूवर ओढून शिवाय बांधायचीही, ही तेथली शिस्त आहे. वाळूत मेख धरत नाही. त्यासाठी आम्ही कापडी पिशव्या देतो. पिशवीत ओली वाळू भरायची, तिला तणावा बांधायचा आणि हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरून वर वाळू दाबायची. अशी पुरलेली पिशवी पावसाळी वाऱ्यातही हलत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची आहे. पट्ट्याच्या खालच्या प्रवाहाकडच्या टोकाला वाळू एकाएकी संपते आणि गुडघाभर पाण्यात चालणाऱ्या माणसाचे पुढचे पाऊल डोक्यावरच्या पाण्यात पडते. वरून प्रवाह शांत दिसतो, आत त्याची ओढ असते. म्हणून नदीच्या संचात माणशी एक लाइफ जॅकेट असते, आणि पाण्यात उतरताना, मग ते घोट्याइतके का असेना, ते अंगात असलेच पाहिजे असे आम्ही लिहून घेतो. पोहता येते असे सांगणाऱ्यांकडूनही लिहून घेतो. काचेच्या बाटल्या नदीवर न्यायला बंदी आहे, त्यामुळे लोणच्याची बरणीसुद्धा आमच्याकडच्या प्लास्टिकच्या डब्यात रिकामी करून द्यावी लागते. कचरा बांधून परत आणायचा असतो, आणि शौचासाठी झाकणाची बादली व पिशव्या दिल्या जातात. वाळूत पुरलेले काहीही पुढच्या पुराने उघडे पडते. हे ऐकून ज्यांना संकोच वाटतो त्यांना आम्ही तळ्याकाठीच पाठवतो. पहिल्या वेळी एकच रात्र आणि थोडेच अंतर, असेही आम्ही सुचवतो.

हंगाम मे ते ऑक्टोबर असतो. ओल्या अवस्थेत परतलेला प्रत्येक तंबू गाळ्यात टांगून पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घालत नाही, आणि हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना शिवणींना मेण लावणे, चेन बदलणे व पिशव्या धुणे हे काम चालते. माझे पती हे काम पाहतात; मी आरक्षणांकडे लक्ष देते. राज्य उद्यानांतल्या जागा अकरा महिने आधी खुल्या होतात, त्यामुळे पुढच्या जुलैचा शनिवार हवा असलेल्या कुटुंबाला आम्ही या ऑगस्टमध्येच फोन करून आठवण देतो. यंदा पश्चिमेला विस्कॉन्सिन आणि मिसिसिपीच्या संगमावरील वायलुसिंग उद्यानाचा संच नव्याने तयार केला आहे. तेथले काही मुक्काम नदीपासून ५०० फूट उंच कड्यावर आहेत, म्हणून त्या संचात वाऱ्यासाठी जास्तीचे तणावे घातले आहेत, आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांना कड्याच्या काठापासून दूरची जागा कशी निवडावी याचा नकाशाही जोडला आहे.