पाहुणा नाही, गुणलेखक

स्मरणिका समितीचं पत्र आलं. ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर दोन पानं लिहून द्या, सोबत पासपोर्ट फोटो जोडा. विषय एवढा मोठा आणि पानं दोनच, म्हणून मी सरळ पी.टी.च्या सरांवर लिहिणार आहे. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. गणिताच्या बाईंनी घासून घेतलं, मराठीच्या सरांनी शुद्धलेखन सुधारलं, हेडसरांनी फी माफ केली, सगळं लक्षात आहे. पण आपल्या शाळेत नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, हे त्या काळातल्या कुठल्याही बॅचला विचारा. नाव घालायची गरज नाही.

ज्यांना मी आठवत नाही त्यांच्यासाठी खूण सांगतो. ‘ड’ तुकडी, उजव्या पायात आधाराचा कॅलिपर, मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या पायरीवर बसलेला. लहानपणीच पोलिओ झाला. पल्स पोलिओची मोहीम 1995 साली सुरू झाली, तेव्हा मी दहावीच्या आसपास होतो, म्हणजे गाडी चुकलीच. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं, त्या दिवशी मी साताऱ्याच्या मोती चौकातून कंदी पेढे आणून ऑफिसात वाटले. पेढा घेताना लोकांना तोंड कसं करावं ते कळेना. मला मात्र खरंच आनंद झाला होता.

पाचवीत नाव घातलं तेव्हा आई सरांना भेटायला गेली. “पोराला पी.टी.च्या तासाला सुट्टी द्या, वर्गात बसून पुस्तक वाचत बसंल.” सर म्हणाले, “वहिनी, सुट्टी रविवारी. बाकीच्या दिवशी पी.टी.” आई घरी येऊन अण्णांना म्हणाली, माणूस जरा कडकच दिसतोय.

कडक होतेच. पहिल्याच तासाला त्यांनी मला मैदानाच्या कडेला स्टुलावर बसवलं आणि गळ्यातलं स्टॉपवॉच काढून माझ्या गळ्यात अडकवलं. शाळेत ते एकच होतं आणि सर त्याला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पोरं खो-खो खेळायची, मी वेळ लावायचो. दिवाळीनंतर हातात एक पुस्तिका आली, खो-खोच्या नियमांची, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. “पाठ करू नको, समजून घे. मैदानावर भांडण झालं की ज्याला नियम ठावा त्याचं चालतं. आवाज मोठा त्याचं नाय.” (हे काही पूर्ण खरं नाही. आवाजाचंही चालतं, हे पुढं नोकरीत कळलं.) पण सहावीत मी पुस्तिका समजून घेतली. पळणाऱ्यांच्या तुकड्यांचा क्रम आधी गुणलेखकाकडे नोंदवायचा असतो, फाऊल करून बाद केलेला गडी बाद धरत नाहीत, असली कलमं मी जेवताना अण्णांना ऐकवायचो.

आता तो प्रसंग. प्रसंग म्हणावा इतकाही मोठा नाही, पण एवढी वर्षं डोक्यात आहे.

सातवीत असताना आपला संघ आंतरशालेय सामन्यांसाठी बाहेरगावी गेला. गुणलेखक म्हणून सरांनी माझं नाव दिलं होतं. एसटीतून उतरलो, मैदानाच्या फाटकातून कॅलिपरचा खाट् खाट् आवाज करत आत गेलो, तर यजमान शाळेचे एक गृहस्थ धावत आले. माणूस मनानं चांगला. मला हाताला धरून मंडपात नेलं, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर सावलीत बसवलं आणि हातात ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा दिला. “बस हं बाळा, इथनं सगळं दिसतं.” मी बसलो. पुडा फोडणार तेवढ्यात सर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या गृहस्थांना म्हणाले, “हा पाहुणा नाही. गुणलेखक आहे. टेबल कुठाय?”

टेबल मैदानाच्या पलीकडं होतं, उन्हात. तिथं जाऊन बसलो. बिस्किटं मंडपातच राहिली, याची चुटपुट मला सामना सुरू होईपर्यंत होती.

उपांत्य सामना आपलाच. डाव अटीतटीचा. आपल्या एका गड्यानं खांबाजवळ प्रतिस्पर्ध्याला बाद केलं, पोरांनी आरोळी ठोकली; पण गड्यानं दिशा बदलून फाऊल केला होता, पंचांनी हात वर करून पळणाऱ्याला नाबाद ठरवलं. मी लिहिलेली नोंद आडवी रेघ मारून रद्द केली, बाजूला ‘फाऊल’ लिहिलं. सर तेव्हा दुसऱ्या टोकाला एका पोराच्या गुडघ्याला चिंधी बांधत होते, त्यांच्या हिशेबात तो गुण धरलेला. डाव संपला. आपण एका गुणानं हरलो. सर तरातरा टेबलाशी आले, चेहरा लालबुंद. “एक कमी कसा? नीट मोज!” मी कागद त्यांच्याकडं फिरवला आणि रद्द केलेल्या ओळीवर बोट ठेवलं. बोललो काही नाही, भीतीच एवढी वाटत होती. सरांनी ती ओळ वाचली, सामन्याच्या मुख्य पंचांकडं पाहिलं, त्यांनी मान डोलावली. सर काही न बोलता निघून गेले.

परतीच्या एसटीत माझ्याशी कोणी बोललं नाही. पोरं तर नाहीच, सरही नाहीत. सरांचा अबोला पुढं दोन दिवस टिकला; एवढ्या मोठ्या माणसाचा रुसवा सातवीतल्या पोरावर, आता हसू येतं. तिसऱ्या दिवशी तासाला बोलावलं आणि म्हणाले, “ती पुस्तिका परत देऊ नको. तुझ्याकडंच राहू दे.” एवढंच. शाबासकी वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हती.

पदवीनंतर समाजकार्य शिकायचं ठरवलं. पहिल्या ठिकाणी मुलाखतीला गेलो, तिथं समितीतल्या एका बाईंनी अतिशय मायेनं विचारलं, “तुम्हाला फील्डवर्क झेपेल का? वस्त्यांमध्ये फिरावं लागतं.” तोच पुडा, फक्त बिस्किटं नव्हती. मी सांगितलं, वस्तीतली निम्मी माणसं माझ्यासारखीच चालतात, त्यांचं काम करायला धावपटू कशाला पाहिजे? तिथं प्रवेश मिळाला नाही. दुसरीकडं मिळाला, एम.एस.डब्ल्यू. झालं, फील्डवर्कही झालं. बाजूला दोन चाकं लावलेल्या स्कूटरवरून मी जिथवर रस्ता होता तिथवर जायचो आणि पुढं लोक माझ्याकडं यायचे.

तेव्हापासून याच कामात आहे. हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या भागात उतरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, पाचटाच्या कोपीत संसार. त्यात कुणाचं पोर जन्मापासून अंथरुणाला खिळलेलं असतं, कुणाच्या बाईचा हात मोळी चढवताना गेलेला असतो. कागद सगळे गावाकडं, माणूस इथं फडात. दिव्यांगाचं प्रमाणपत्र काढायचं तर तपासणीच्या दिवशी आईला कामावर खाडा करावा लागतो, आणि खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. माझं निम्मं काम मुकादमाला पटवण्याचंच असतं.

उरलेलं निम्मं काम पुस्तिका वाचण्याचं. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले. थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातले पीडित हे सगळे त्यात आले. नोकरीतलं आरक्षण तीनाचं चार टक्के झालं. हे माहीत नसलेली माणसं टेबलाच्या दोन्ही बाजूंना सापडतात. एका कार्यालयात निराधार योजनेचा विभाग वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी एका कुबडीवाल्या आजींना घेऊन गेलेलो. शिपाई म्हणाला, साहेब वर आहेत. मी म्हटलं, मग त्यांना खाली बोलवा. तो हसला, त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मी पायरीवर बसलो, पिशवीतून कायदा काढला आणि ज्या पानावर सार्वजनिक इमारतींचं लिहिलंय ते पान उघडून त्याच्याकडं फिरवलं. साहेब खाली आले. आल्या आल्या मलाच विचारलं, “हं, तुमचा अर्ज कुठाय?” दरवेळी हे होतं. माझा पाय बघून सगळे मलाच लाभार्थी समजतात. मी सांगतो, अर्ज यांचा, मी नोंद ठेवणारा.

भटक्या-विमुक्तांच्या कामात तर नोंद म्हणजेच सगळं. 1871 च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि 31 ऑगस्ट 1952 ला ज्यांना त्यातून मोकळं केलं, त्यांच्या नातवंडांना आज जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा आणावा लागतो. ज्यांचं बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर होतं, त्यांनी घरपट्टीची पावती आणायची कुठून?

अशाच एका कैकाडी घरातल्या मुलीसाठी मी मागं आपल्या शाळेच्या ऑफिसात आलो होतो. तिच्या आजीला कुणीतरी सांगितलेलं की चुलत आजोबा काही दिवस ‘मोठ्या शाळेत’ जात होते. क्लार्क भाऊसाहेबांनी कपाटावरची जुनी जनरल रजिस्टरं खाली काढून दिली. पानं कडांना वाळवीनं खाल्लेली, शाई तपकिरी पडलेली. दुपारभर मी आणि ती मुलगी एकेक ओळ बोटानं वाचत होतो. सापडलं. नाव, वडलांचं नाव, जात, जन्मगाव, पाचवीत दाखल, सालही 1961 च्या आतलं. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण, ‘सतत गैरहजर’. चार महिन्यांत नाव कमी केलेलं. ज्या गुरुजींनी ते लिहिलं त्यांना कल्पना नसणार, पण त्या ओळीवर दाखला झाला आणि मुलगी आता नर्सिंगला आहे. स्मरणिका समितीला माझी विनंती, ती रजिस्टरं स्कॅन करून घ्या. नव्या कॉम्प्युटर लॅबच्या फोटोपेक्षा मला त्याची काळजी जास्त वाटते.

त्याच दिवशी मैदान बघितलं. खो-खोचे खांब गेले. निम्म्या जागेत नवी इमारत, उरलेल्या निम्म्यात पेव्हर ब्लॉक आणि दुचाक्यांचं पार्किंग. खरं सांगायचं तर माझ्या स्कूटरला पेव्हर फार सोयीचे पडले, थेट ऑफिसच्या दारात उतरलो. आणि तरीही जीव हळहळला. ज्या जिल्ह्यात गल्लोगल्ली खो-खो खेळला जायचा तिथं आपल्याच शाळेत खांब रोवायला माती उरू नये?

सर सध्या कोरेगावला मुलाकडं असतात. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय, वॉकर घेऊन चालतात. फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला, “काय गुणलेखक, किती झाले?” म्हणजे किती दाखले झाले. आकडा सांगितला की “नीट मोजलास का?” असं विचारतात. मी त्यांना त्या सामन्याची आठवण करून देत नाही.

सोहळ्याला त्यांचा सत्कार आहे असं पत्रात वाचलं. चांगली गोष्ट आहे, पण मंडळी, आपलं व्यासपीठ जमिनीपासून तीन फूट उंच आहे आणि त्याला पायऱ्या आहेत. सर वॉकर घेऊन चढणार कसे? चार पोरांनी उचलून वर नेलेलं त्यांना चालणार नाही, तुम्हाला ते ठाऊक आहे. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सगळ्यांना वापरता येतील अशा करा, असं कायदा सांगतो; 2017 साली नियम निघाले, म्हणजे मुदत 2022 सालीच टळली. रॅम्पचा उतार एकास बारा लागतो. तीन फुटांच्या उंचीला 36 फूट लांबी. पिंपळाच्या बाजूनं मध्ये एक वळण घेतलं तर बसतो, मी मोजून पाहिलंय. बांधकामवाले आपल्याच बॅचमध्ये तिघं आहेत, त्यांच्याशी बोललो आहे. दोन्ही बाजूंना कठडा हवा, आणि वर फरशी गुळगुळीत नको, खरबरीत. वर्गणीतली पहिली रक्कम या लेखासोबतच पाठवली आहे, पावती माझ्या नावानं करावी.