थरारकथा ऐकत केलेला लांबचा ड्राइव्ह

दिवसभराचा रस्ता होता आणि गाडी आम्ही दोघं आळीपाळीने चालवणार होतो. गाण्यांऐवजी या वेळी थरारकथेचं ऑडिओबुक लावलं. प्रवास मस्त झाला. ज्यांना असं करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडं सविस्तर.

पूर्ण लांबीची थरारकथा बहुतेक वेळा ८ ते १२ तास चालते, त्यामुळे एका दिवसाला एक पुस्तक पुरतं. निवडताना नमुना ऐकाच. छापील पुस्तकात मागची पानं चाळता येतात, स्टिअरिंगवर हात असताना ते जमत नाही. म्हणून पात्रं मोजकी हवीत आणि वाचणारा तयारीचा हवा. आमच्या निवेदिकेने तपास अधिकारी आणि संशयित यांचे आवाज असे वेगळे ठेवले होते की नाव यायच्या आधीच कोण बोलतंय ते कळायचं. फक्त खलनायक कुजबुजायचा आणि त्याचे शब्द टायरच्या आवाजात बुडायचे. व्हॉल्यूम वाढवावा, तर पुढच्याच वाक्याला किंकाळी! काचा बंद करून बेस (खालचा, घुमणारा आवाज) कमी केला, तेव्हा शब्द स्वच्छ ऐकू आले.

पुस्तक आधीच डाउनलोड करा. ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) दर्जाच्या ऑडिओला तासाला साधारण २९ एमबी लागतात. मॅप बोलू लागला की पुस्तक थांबेल अशी सेटिंग मिळाली तर तीही लावा, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाठलागाच्या प्रकरणात वेगाचा काटा हळूहळू वर सरकताना मला शेजारच्या सीटवरून दिसत होता. ताशी ९० किलोमीटरला गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते. म्हणून घाट, जोराचा पाऊस, अनोळखी चौक आला की पुस्तक बंद, गोष्ट कितीही रंगात आलेली असो. फोन शेजारच्याच्या हातात द्या. एकटे असाल तर गाडी बाजूला घेऊनच फोनला हात लावा. इयरफोन अजिबात नकोत, हॉर्न आणि सायरन ऐकू यायला हवेत. आणि थरारामुळे झोप उडते यावर विसंबू नका. दर दोन तासांनी थांबा, डोळे जड झाले तर १५-२० मिनिटं सरळ झोपा.

ड्रायव्हर बदलायची वेळ प्रकरण संपताना साधली, की चहा घेताना खुनी कोण यावर मनसोक्त वाद घालता येतो. मुक्कामाजवळ गर्दी आणि वळणं वाढतात, तेव्हा शेवटचा उलगडा पोचल्यावर, गाडी पार्क करून ऐका. आम्ही तसंच केलं.